थबकणाऱ्या पावलांसाठी पदयात्रा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे नगर आहे. येशू ख्रिस्ताचा शिष्य याकोब याच्या अस्थी तेथील कॅथीड्रलमध्ये आहेत, या श्रद्धेपोटी हजारएक वर्षे यात्रेकरू तेथे पायी येत आले आहेत. फ्रान्सच्या हद्दीतील सँ-झाँ-प्ये-द-पोर या गावाहून निघाले, की पिरेनीज पर्वत ओलांडून, पांप्लोना, बुर्गोस, लेओन ही शहरे मागे टाकीत सुमारे ७८० किलोमीटर चालावे लागते. रोज २५ किलोमीटर तोडणाऱ्यालाही महिना लागतो.

अलीकडे या वाटेवर एक निराळा यात्रेकरू दिसू लागला आहे. निघण्यापूर्वी त्याने आप्तेष्टांकडून देणगीचे आकडे मांडून घेतलेले असतात आणि जमलेली रक्कम कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराच्या, कामी द्यावयाची असते. क्वचित चालणारा स्वतःच रुग्ण असतो.

यात्रेला वर्गणीचे गणित चिकटविणे अनेकांना रुचत नाही. परंतु हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. मध्ययुगात मृत्युपत्रात रक्कम ठेवून आपल्या वतीने दुसऱ्यास या यात्रेला धाडण्याची चाल युरोपात होती. बुर्गोसच्या वेशीबाहेर आठव्या अल्फोन्सो राजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस यात्रेकरूंसाठी रुग्णालय बांधले. पुढे कास्त्रोखेरिसनजीक संत अँथनीच्या पंथाचे साधू, बुरशी लागलेल्या धान्यातून होणाऱ्या एका दाहक रोगाने पछाडलेल्यांची शुश्रूषा करीत. त्या मठाचे भग्न कमानदार अवशेष आजही रस्त्यावरच उभे आहेत. व्याधी आणि यात्रा यांची सोयरीक तेथे जुनीच आहे.

कंपवाताच्या बाबतीत तर चालण्याला विशेष अर्थ आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात कापतो हे सर्वांना दिसते. पण स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि आखूड होत जाणारे पाऊल यांनी माणूस अधिक जेरीस येतो. दाराच्या उंबरठ्याशी पाय जमिनीला खिळल्यासारखे थबकतात. नवल असे, की जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघा किंवा कानी पडणारा ठेका यांच्या आधाराने अशा अनेकांचे पाऊल पुन्हा उचलते. टाळमृदंगाच्या ठेक्यावर पंढरीची वाट चालणाऱ्यांना ठेक्याचे हे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको.

प्रश्न आहे तो पैसा कोठे जावा, हा. आवाहनपत्रांत बहुधा ‘रोगावर विजय’ अशी भाषा असते. संशोधन हवेच, कारण रोगाची आगेकूच थांबविणारे सिद्ध औषध अद्याप हाती नाही. परंतु १९६० च्या दशकात आलेले लेव्होडोपा आजही सर्वांत उपयोगी ठरते, आणि तेच अनेक गरीब देशांतील रुग्णांना मिळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तिच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या विकाराने ग्रस्त होते. त्यांतील कित्येकांना उद्याच्या शोधाआधी आजची गोळी हवी आहे. व्यायाम शिकविणारा हवा आहे. रात्री कूस बदलून देणाऱ्या पत्नीला वा सुनेला घटकाभर विसावा हवा आहे. या गोष्टींची छायाचित्रे आकर्षक निघत नाहीत, म्हणून त्या पत्रकात येत नाहीत, इतकेच.

चालणाऱ्याने आपला प्रवासखर्च स्वतःच्या खिशातून करावा, हे ओघानेच आले. सान्तियागोच्या यात्रेकरूला मुक्कामामुक्कामाला पुस्तिकेत शिक्के घ्यावे लागतात. ते पाहिल्याखेरीज कॅथीड्रलचे कार्यालय यात्रा पुरी केल्याचे प्रमाणपत्र देत नाही. वर्गणीलाही तोच नियम असावा. संशोधनाला किती, औषधाला किती, शुश्रूषेला किती आणि संस्थेच्या व्यवस्थेवर किती, हे देणगीदारांनी यात्रेकरू पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच विचारून घ्यावे.