गाळात दडलेला साबण

कपडे धुऊन झाले की फेसाचं पाणी मोरीतून निघून जातं. पुढं त्याचं काय होतं? "गेलं गटारात!" असं तुम्ही म्हणाल. पण खरी गंमत तर तिथूनच सुरू होते.

हे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गेलं, की तिथले असंख्य जिवाणू त्यातली घाण खातात. पाणी स्वच्छ होतं आणि खाली दाट गाळ उरतो. अनेक ठिकाणी हा गाळ बंद टाकीत, हवा लागू न देता, साधारण ३५ अंश सेल्सिअसला कुजवतात. आपल्या गोबरगॅससारखंच की! तेलतूप, प्रथिनं, पिष्टमय पदार्थ यांचा बराच भाग मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उरलेला काळा गाळ खत म्हणून शेतात घालता येतो.

स्वित्झर्लंडमध्येही तो शेतात जायचा. तिथल्या गिगर, ब्रुनर आणि शाफनर या शास्त्रज्ञांनी असा गाळ तपासला. १९८४ साली त्यांनी जाहीर केलं, की कुजवलेल्या कोरड्या गाळात किलोमागं सरासरी १ ग्रॅम नोनिलफिनॉल आहे. (नाव अवघड आहे खरं, पण परीक्षेत विचारणार नाही!) हे रसायन माशांना विषारी असतं. न कुजवलेल्या गाळात मात्र ते बरंच कमी होतं. मग ते आलं कुठून?

धुण्याच्या काही रसायनांच्या रेणूला दोन टोकं असतात. एक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तर कपड्यावरचा तेलकट डाग सुटतो. जिवाणूंनी पाण्याला धरणारं टोक खाऊन टाकलं. दुसरं टोक मात्र हवेवाचून त्यांना सहजी मोडेना. उरलं ते नोनिलफिनॉल. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, म्हणून गाळालाच चिकटून बसलं. म्हणजे बघा, मूळ साबणापेक्षा जास्त विषारी वस्तू शुद्धीकरण होता होताच तयार झाली! जिवाणू बिचारे आपलं काम चोख करत होते. खोट होती ती आपण मोरीत सोडलेल्या रसायनात.

स्वित्झर्लंडनं १९८० च्या दशकातच कपडे धुण्याच्या पावडरींतून ही रसायनं हद्दपार केली. युरोपीय संघानं त्यांच्या वापरावर निर्बंध घालणारा कायदा २००३ मध्ये केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडनं शेतात गाळ घालणंही टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतलं. आता तिथला गाळ भट्टीत जाळतात.