दर वृद्धांचा, खाट सर्वांची

रुग्णालयाचे दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न दयेचा नाही, पैशाचा आहे. अमेरिकेत १९६६ साली ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा सुरू झाला. मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी. हा पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडा, अशी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याची अट होती. शेकडो रुग्णालयांनी कृष्णवर्णीयांचे वेगळे वॉर्ड काही महिन्यांत मोडले. उपदेशाला जे जमले नव्हते, ते बिलाने केले. आणि विमा वृद्धांचा असूनही दार कृष्णवर्णीय बालकांनाही उघडले.

ही साखळी उलटीही फिरते. १९८३ च्या कायद्याने मेडिकेअर आजारानुसार ठरावीक रक्कम देऊ लागले. दर घटला की रुग्णालये खासगी विम्याचे तरुण रुग्ण जास्त ओढतील, असा तर्क होता. चॅपिन व्हाइट यांच्या २०१४ च्या अभ्यासात उलटे दिसले: दर घटला तिथे ६५ खालच्यांची भरतीही घटली. खाटा आणि परिचारिका वयानुसार वेगळ्या नसतात. कमी केल्या की सर्वांनाच कमी पडतात.

घटलेली भरती गरजेची होती की नव्हती, हे दराला कळत नाही. म्हणून दर ठरवणाऱ्यांच्या बैठकीत गरीब रुग्णाचा आवाज हवा.