नोंदवहीतले नाव आणि फौजदारी खटला

23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि करोनाचे 15 रुग्ण दगावले. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तसेच घडले. त्या दिवशी 11 रुग्ण गेले. विरारला रुग्णालय चालवणाऱ्यांना अटक झाली, नगरला एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘लायसन्स रद्द करा’ ही मागणी होतेच. ती रास्त असो वा नसो, रद्द व्हायचे ते नेमके काय आणि ते करणार कोण, याचा उलगडा मात्र क्वचितच होतो.

मुळात डॉक्टरला किंवा परिचारिकेला ज्याला आपण लायसन्स म्हणतो तो कागद म्हणजे एका नोंदवहीतल्या नावाचा दाखला. नोंदवही एकच नाही. पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना करा. एमबीबीएस डॉक्टरचे नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असते, 1965 च्या अधिनियमाखाली. आदिवासी पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातला डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर. त्याची नोंद 1961 च्या कायद्याखाली महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे. उपकेंद्रातली एएनएम किंवा ग्रामीण रुग्णालयातली स्टाफ नर्स 1966 च्या परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत. एकाच छपराखाली, एकाच रुग्णाभोवती तिघे उभे असतात आणि तिघांचा न्याय तीन ठिकाणी.

गुन्हा दाखल झाला की पहिला घाव नोंदवहीवर पडत नाही, नोकरीवर पडतो. राज्य शासनाच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे 48 तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित झाला असेच मानले जाते. नगरच्या प्रकरणात काहींचे निलंबन झाले, दोन परिचारिकांची तर सेवाच संपवली गेली. निलंबिताला निदान निर्वाहभत्ता मिळतो. कंत्राटावरच्या माणसाला तोही आधार नसतो. पण निलंबित डॉक्टरचे नाव नोंदवहीत तसेच असते. वर्तमानपत्रात ‘डॉक्टर निलंबित’ असे वाचून आपण समजतो की त्यांचा व्यवसाय थांबला. ही गल्लत इतकी रुळली आहे की दोन निलंबने वेगळी आहेत हे सांगूनही पटत नाही.

नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार परिषदेचा, आणि त्यासाठी नुसता आरोप सहसा पुरत नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरवलेले असावे, किंवा परिषदेने स्वतः चौकशी करून, संबंधितांचे ऐकून घेऊन गैरवर्तन सिद्ध मानलेले असावे. 2002 च्या नीतिनियमांनी तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा असे म्हटले आहे. चौकशी चालू असताना वादात सापडलेली विशिष्ट प्रक्रिया करण्यास त्या डॉक्टरला मनाई करण्याची मुभाही परिषदेला आहे. ब्रिटनमध्ये आरोप ठेवला गेला तरी डॉक्टरने आपण होऊन नियामक संस्थेला कळवायचे असते. आपल्याकडे बहुतेक वेळा कुणीतरी तक्रार घेऊन परिषदेच्या दारी जावे लागते.

याला ठळक अपवाद गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचा. त्याच्या कलम 23 (2) नुसार समुचित प्राधिकाऱ्याने आरोपी डॉक्टरचे नाव परिषदेला कळवायचे. न्यायालयाने आरोप निश्चित केले की खटला संपेपर्यंत नोंदणी निलंबित करता येते. दोष सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी पाच वर्षे नाव काढायचे, पुन्हा घडल्यास कायमचे. सोनोग्राफीचा एफ फॉर्म अपुरा भरणे ही कारकुनी चूक आहे, असे म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 3 मे 2019 रोजी न्यायालयाने कलम वैध ठरवले. तो फॉर्म हाच या गुन्ह्याचा बहुतेकदा एकमेव माग असतो, हे ध्यानात घेतले तर निकाल कठोर असला तरी समजण्याजोगा आहे. अर्थात नोंद पुसली म्हणजे पाटी उतरतेच असेही नाही. परळीच्या डॉ. सुदाम मुंडेला फेब्रुवारी 2019 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबर 2020 मध्ये, जामिनावर असताना, तो पुन्हा रुग्ण तपासताना सापडला.

निष्काळजीपणाच्या खटल्यांत डॉक्टरांभोवती न्यायालयाने एक कुंपण घातले आहे. 1995 साली लुधियानाच्या रुग्णालयात धाप लागलेल्या रुग्णासाठी आणलेले ऑक्सिजनचे सिलिंडर रिकामे निघाले. त्यातून उभ्या राहिलेल्या जेकब मॅथ्यू खटल्यात 5 ऑगस्ट 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असला पाहिजे, कारवाईआधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे मत घेतले पाहिजे आणि सरसकट अटक करू नये.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 106 ने आणखी एक भेद आणला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. पण वैद्यकीय प्रक्रिया करताना ते नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून घडले, तर दोन वर्षांपर्यंत. वाचताना वाटते, सगळ्या दवाखान्यालाच सवलत मिळाली. कलमाखालचे स्पष्टीकरण मात्र वेगळे सांगते. हा व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्याने मान्य केलेली पात्रता असलेला आणि त्या कायद्याखालच्या नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. परिचारिका त्यात नाही. भरारी पथकातला आयुर्वेदाचा डॉक्टरही नाही. म्हणजे रात्री दोन वाजता जव्हारच्या वॉर्डात डॉक्टरने सांगितलेले इंजेक्शन देणारी सिस्टर आणि ते लिहून देणारा डॉक्टर एकाच मृत्यूसाठी आरोपी झाले, तर कलमाच्या शब्दांप्रमाणे तिच्या डोक्यावर टांगलेली शिक्षा त्याच्या अडीच पट आहे. आगीसारख्या घटनेत डॉक्टरलाही ही सवलत मिळणे अवघडच, कारण विजेची वायर जळणे ही काही वैद्यकीय प्रक्रिया नव्हे.

परिचर्येसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. न्याय संहिता त्याच वर्षी डिसेंबरात मंजूर झाली, चार महिन्यांनी. स्पष्टीकरणात आणखी एका कायद्याचे नाव घालायला एक ओळ पुरली असती.