कानाने चालवायची पेटी

पवनेकाठच्या पिंपळे गुरवातून भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांकडे तिन्ही पाळ्यांना माणसे रवाना होत असतात. परंतु ज्या कचेऱ्यांशी त्या कारखान्यांचा नित्य व्यवहार चालतो, त्या खरेदीच्या, हिशेबाच्या आणि मालरवानगीच्या कचेऱ्या बहुधा दिवसाच उघड्या असतात. रात्रपाळीच्या सुपरवायझरला सुट्या भागांच्या एखाद्या खेपेविषयी तातडीने काही कळवावयाचे झाले, तर पलीकडे घंटा वाजत राहते आणि निरोप घेण्यास इसम नसतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०१३ मध्ये नागरिकांसाठी ‘सारथी’ हेल्पलाइन सुरू केली, तेव्हा पलीकडे बोलणारी माणसे तैनात केली. म्हणून तक्रारदाराला आपली भाषा येण्यापलीकडे काही शिकावे लागले नाही. लहान कारखान्याला ही चैन परवडत नाही. तेथे ईपीएबीएक्सला, म्हणजे कारखान्याच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजला, जोडलेली व्हॉइसमेलची पेटीच निरोप्याचे काम करते.

अशी पेटी बनविणे हे आता शास्त्रातले कठीण काम राहिलेले नाही. गॉर्डन मॅथ्यूज या अमेरिकी संशोधकाला १९८३ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि १९९२ मध्ये भारत सरकारने पेजर व ईमेल यांच्याबरोबर ही सेवाही खासगी उद्योजकांना खुली केली. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून प्रत्येक मापास एक बाइट दिला, तर मिनिटभराचा निरोप ४,८०,००० बाइटांत मावतो. आजच्या मानाने हे ओझे क्षुल्लकच. खरी अडचण आहे ती या पेटीशी माणसाने व्यवहार कसा करावा, ही.

वापरणाऱ्याच्या हाती असतात ती केवळ बारा बटणे. पाच दाबला की ७७० आणि १,३३६ हर्ट्झचे दोन स्वर एकाच वेळी निघतात, आणि स्वरांच्या या जोड्या अशा निवडलेल्या आहेत की मनुष्याच्या बोलण्याशी त्यांची गल्लत सहसा होऊ नये. यंत्राच्या कानाची तजवीज अशी चोख झाली. माणसाच्या कानाची मात्र हयगय झाली. छापील यादीवरून डोळा मागेपुढे फिरू शकतो, कानावरून गेलेला शब्द मात्र गेला तो गेलाच. म्हणून आठ-आठ पर्याय एका दमात ऐकविणारी यंत्रणा श्रोत्याच्या स्मरणशक्तीची निष्कारण परीक्षा पाहते. ‘निरोप पुसण्यासाठी सात दाबा’ असे, काम आधी आणि आकडा नंतर, सांगावयाचे तेही याच कारणाने. आकडा आधी आला तर काम कळेपर्यंत तो डोक्यात राहत नाही. बरे, हा सातही सर्वत्र सात नाही. ॲस्टेरिस्क या मोफत प्रणालीत सातने निरोप पुसला जातो, तर सिस्कोच्या एका प्रणालीत तेच काम तीनने होते. ही बेबंदशाही मोडण्यासाठी १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. उत्पादकांनी ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

वापरणारा पेटीत शिरतो तो या बटणांच्या दारातून; तिची व्यवस्था पाहणाऱ्या ॲडमिनचा दरवाजा याहून सर्वस्वी निराळा. त्याच्यासमोर स्क्रीनवर साऱ्या कचेरीचे दप्तर कुलकर्ण्याच्या वहीसारखे रकान्यारकान्यांनी उलगडलेले असते. ॲस्टेरिस्कमध्ये तर एका पेटीची सारी हकीकत एका ओळीत मावते: पेटीचा क्रमांक, पासवर्ड, मालकाचे नाव आणि ईमेलचा पत्ता. एका कप्प्यात किती निरोप राहावेत हे त्याने स्वतः लिहिले नाही, तर यंत्रणा शंभर धरून चालते. असे कोणी न लिहिलेले, केवळ गृहीत धरलेले आकडेच पुढे वर्षानुवर्षे कारभार हाकतात, आणि त्यांत सर्वांत घातक म्हणजे कधीच न बदललेला मूळ पासवर्ड. ब्रिटनमध्ये वार्ताहरांनी कित्येकांचे निरोप चोरून ऐकले, ते बहुतांशी अशाच सहज ओळखता येणाऱ्या पिनांच्या जोरावर; त्या बोभाट्यात १६८ वर्षांचे ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ २०११ मध्ये बंद पडले. नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांची पेटी त्यांच्याच आवाजात आल्यागेल्याचे स्वागत करीत राहते, हाही ॲडमिनचाच कसूर. त्याला सर्व दिसते. ऐकू मात्र काहीच येत नाही.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी आयबीएमच्या संशोधकांनी खेळाडूंच्या निरोपांची अशीच यंत्रणा उभारली, तेव्हा त्यांनी नेहमीचा क्रम उलटा केला. प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्यांनी वापरणाऱ्यासाठीची माहितीपुस्तिका लिहिली आणि ती लोकांना देऊन तपासली. नंतर नमुन्याचे यंत्र चक्क कचेरीच्या मार्गिकेत मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला ते हाताळण्याची आणि नावे ठेवण्याची मुभा दिली. वाटसरूंची टीका हीच त्यांची प्रयोगशाळा ठरली. आपल्याकडे खरेदीच्या वेळी विक्रेता दाखवितो ते ॲडमिनचे देखणे तक्ते, आणि सही करणारेही तेच पाहून खूश होतात.

भोसरी-चाकणच्या उद्योजकांनी तशी सही करण्यापूर्वी एवढे अवश्य करावे: यंत्रे चालू असताना शॉप फ्लोअरवरच्या एखाद्या सुपरवायझरच्या हाती फोन द्यावा, कोणतीही सूचना न देता त्याला मराठीत निरोप ठेवावयास, तो पुन्हा ऐकावयास आणि पुसावयास सांगावे, तो जेथे अडखळेल तेथे विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घ्यावी, आणि मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलून टाकावा.