शिस्त आणि प्रतिभा : हंगेरीच्या फुटबॉलचा धडा

सांघिक खेळाची चर्चा निघाली की एक जुना वाद हमखास उपस्थित होतो. योजना काटेकोर आखली तर खेळाडूची प्रतिभा गुदमरते, आणि प्रतिभेला मोकळे सोडले तर संघ विस्कळीत होतो, असे म्हणतात. या दोहोंतून एकच निवडणे खरोखर भाग आहे काय? आम्हांला तसे वाटत नाही. आणि याला १९५० नंतरच्या हंगेरीच्या राष्ट्रीय संघासारखा दुसरा दाखला नाही.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हा संघ इंग्लंडशी खेळला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाने तोवर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवले नव्हते. हंगेरीने एक लाखावर प्रेक्षकांसमोर ६-३ असा विजय मिळवला.

हे घडले कसे? त्या काळी पाठीवरचा आकडा खेळाडूची जागा सांगे. नऊ आकड्याचा खेळाडू आघाडीच्या मध्यभागी, गोलाच्या तोंडाशी असायचा आणि पाच आकड्याच्या खेळाडूने त्याची पाठ धरायची, हा रिवाज. हंगेरीचा नऊ आकड्याचा हिदेगकुटी मात्र मागे सरकून मैदानाच्या मध्यात खेळू लागला. आता इंग्लंडच्या जॉन्स्टनने करावे काय? त्याच्यामागे जावे, तर गोलासमोर खिंडार पडे आणि पुश्काश व कोचिश त्यात शिरत. जागेवर थांबावे, तर हिदेगकुटी मोकळा! त्याने एकट्याने तीन गोल केले. पहिला तर पहिल्याच मिनिटात.

ही ऐन वेळची स्फूर्ती नव्हती. बुडापेस्टच्या एमटीके क्लबात बुकोवी यांनी ही रचना आधी बसवली होती. शेबेश यांनी ती राष्ट्रीय संघात आणली. बहुतेक खेळाडू एमटीके व होन्वेद या दोनच क्लबांचे, त्यामुळे एकमेकांची चाल त्यांना न सांगता कळे. पुश्काश आणि बोझिक तर लहानपणचे शेजारी.

संघाचा तिसरा गोल पाहा. डाव्या बगलेचा त्सिबोर उजवीकडे गेला आणि त्याने चेंडू पुश्काशकडे दिला. इंग्लंडचा कर्णधार राइट धावून आला, तोच पुश्काशने तळपायाने चेंडू मागे ओढला. राइट पुढे घसरत गेला आणि गोल झाला. तळपायाची ती करामत कोणत्याही आराखड्यात नव्हती. ती करायला लागणारी जागा मात्र आराखड्याने दिली होती. आमच्या मते सारे मर्म इथे आहे.

पुढे ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आठ मिनिटांत दोन गोलांची आघाडी घेऊनही हा संघ पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा हरला. १९५६ च्या उठावानंतर पुश्काश, कोचिश व त्सिबोर मायदेशी परतले नाहीत आणि संघ मोडला. मग ही कला व्यर्थ म्हणावी काय? २०१२ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात स्पेनने सुरुवातीच्या संघात ठरीव मध्य-आघाडीवाला न घेता इटलीवर ४-० अशी मात केली. चषक हुकला तरी विचार हरत नाही. तो दुसऱ्यांच्या पायांतून पुन्हा खेळू लागतो.