किल्ला करायचा, पण कोणत्या दिवसाचा?

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यापासून पिरंगुट, पौड, मुळशीपर्यंत अंगणाअंगणात किल्ले उभे राहतात. विटांचे तुकडे, दगड, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वरून चिखलाचा लेप, बुरुजांना गेरू, उतारावर अळीव आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. सगळे किल्ले वेगवेगळे, पण एका बाबतीत अगदी सारखे. सगळे नवेकोरे! तट कुठे ढासळलेला नाही, पायरी झिजलेली नाही, भिंतीवर एक डाग नाही.

खरे किल्ले आज असे दिसतात का? मुळशी तालुक्यातल्या कोरीगडावर नाहीतर घनगडावर जाऊन बघा. दगड काळवंडलेले, वाड्यांची नुसती जोती उरलेली, तटाच्या सांध्यांतून झाडं उगवलेली. मग यंदा आपण पडका किल्ला करू या की! आणि तो असा करू, की बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हा कशाने पडला आणि पडून किती दिवस झाले.

जगभरात पुष्कळ जण हौसेने हेच काम करतात. रणगाडा, चार सैनिक आणि बॉम्बने पडलेलं घर, असा लढाईचा एकच क्षण ते पाटावर मावेल एवढ्या जागेत उभा करतात. अशा देखाव्याला डायोरामा म्हणतात. यात रणगाडा जमवणं सोपं असतं, कसोटी लागते ती पडक्या घराशी. आधी घर नीट बांधायचं, मग ते नीट पाडायचं आणि मग नीट जुनं करायचं.

आपल्याला त्यासाठी परदेशातली लढाई शोधायची गरज नाही. कोरीगड आहे ना! लोणावळ्याहून अँबी व्हॅलीच्या रस्त्याने गेलं की पेठ शहापूर गाव लागतं. त्याच्या डोक्यावर हा गड. गणेश दरवाजातून आत गेलं की वर पठार, दोन तळी, कोराईदेवीचं देऊळ, जवळच लक्ष्मी नावाची मोठी तोफ आणि चौफेर तट. या तटावरून गडाला पूर्ण फेरी मारता येते. शिवाजी महाराजांनी हा गड १६५७ साली स्वराज्यात आणला. पुढे १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथर इंग्रजांची फौज घेऊन आला. ११ तारखेपासून वेढा पडला. गड काही हाती येईना. शेवटी १४ मार्चला एक तोफगोळा नेमका दारूकोठारावर पडला. मोठा स्फोट झाला आणि गड शरण गेला.

म्हणजे आपल्याला दोन दिवसांतला एक निवडायचा आहे. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशीची, १५ मार्च १८१८ ची सकाळ, किंवा आजचा दिवस. गड एकच, पण दोन दिवसांचे पडके दगड अगदी वेगळे दिसतात. माझ्या मते सगळी गंमत या निवडीत आहे. दिवस ठरला की प्रत्येक डागाला कारण मिळतं. दिवसच ठरवला नाही तर नुसता रंग फासला जातो.

पण आधी माप. तुमचा मावळा घ्या आणि पट्टीने मोजा. समजा, तो ५ सेंटीमीटर भरला. खरा माणूस १६५ सेंटीमीटर धरला, तर तुमची प्रतिकृती ३३ पट लहान झाली. लष्करी प्रतिकृतींचं जगभर चालणारं एक माप आहे १:३५, त्याच्या अगदी जवळ! ते ३५ कुठून आलं, ठाऊक आहे? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा रणगाडा केला. आत बॅटरीचे सेल मावले पाहिजेत म्हणून त्याचा आकार ठरला आणि नंतर मोजल्यावर तो खऱ्याच्या एक पस्तीसांश निघाला. पुढे इतर कंपन्याही त्याच मापाने करू लागल्या. कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं असेल, तर तिथल्या गाड्या याहून बारीक आहेत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६८ पासून आपल्या सरहद्दीवरच्या तटबंद शहरांच्या प्रतिकृती करून घेतल्या, त्या तर १:६०० मापाच्या! त्या मापाने माणूस तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. हल्ला कुठून होईल, तोफा कुठे ठेवाव्यात, याचा विचार राजा आणि सेनापती त्या प्रतिकृती समोर ठेवून करायचे. त्यातल्या कितीतरी आजही पॅरिसला बघायला मिळतात.

आता आपलं ३३ घेऊन गणित करा. कोरीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. भागिले ३३, म्हणजे सत्तावीस मीटर. नऊ मजली इमारत झाली! म्हणून डायोरामावाले अख्खी जागा कधीच करत नाहीत. ते एक कोपरा उचलतात. आपणही तटाचा एक तुकडा आणि त्याला लागून एक दगडी कोठार एवढंच घेऊ. सहा मीटरची खरी भिंत आपल्याकडे १८ सेंटीमीटरची होईल. पुठ्ठ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्या. तो पुरता वाळायच्या आत बोथट खिळ्याने दगडांच्या रेघा ओढा आणि चुरगळलेला चांदीचा कागद त्यावर दाबा, म्हणजे दगडाला खडबडीतपणा येईल. कापाकापी मात्र मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा.

आणखी एक चमत्कार सांगते. तोफेची लांबी ३३ ने भागायची, पण वजन ३३ ने भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही ३३ पट लहान होतात, म्हणून वजन ३३ × ३३ × ३३, म्हणजे जवळजवळ ३६ हजार पट कमी होतं. एक टनाची लोखंडी तोफ तुमच्या किल्ल्यावर २८ ग्रॅमची झाली! भिंतीचंही तसंच. खरी भिंत स्वतःच्याच वजनाने कोसळते. आपली भिंत इतकी हलकी, की खालून आधार काढला तरी डोलत उभी राहते. म्हणून ती आपोआप खऱ्यासारखी पडत नाही. कुठे तुटेल याचा विचार करून ती हाताने तोडावी लागते.

तर १५ मार्चची सकाळ. सोरा, गंधक आणि कोळसा यांची तोफेची दारू बंद खोलीत पेटली की क्षणात भरमसाट गरम वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी असते. छप्पर सगळ्यांत हलकं, ते आधी उडतं. मग भिंती बाहेरच्या बाजूला ढकलल्या जातात. खिडकी-दरवाजाजवळ भिंत मुळातच कमजोर, ती तिथे फाटते. कोपरे मात्र पुष्कळदा टिकतात, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना धरून असतात. म्हणून कोपरे उंच ठेवा आणि भिंतीचा मधला भाग खाली आणा. तुटलेली कड पट्टीने कापल्यासारखी सरळ नको. दगड सांध्यातून निखळतात, म्हणून ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

भिंतीतून निखळलेले दगड गेले कुठे? हा प्रश्न विसरू नका! भिंतीला मोठं भगदाड आणि खाली चारच खडे, असं दिसलं की देखावा खोटा वाटतो. उलट ढिगारा भिंतीपेक्षा जास्त जागा व्यापतो, कारण दगडांच्या मध्ये फटी राहतात. ढिगाऱ्याचा उतारही मनाला येईल तसा नसतो. कोरडी वाळू मुठीतून हळूहळू सोडून बघा. ढीग वाढतो, पण उतार साधारण ३० ते ३५ अंशांवर येऊन थांबतो. त्याहून उभा करायला गेलात की वाळू घसरते. ओबडधोबड दगडांचा उतार थोडा जास्त उभा राहतो. खड्यांचंही माप सांभाळा. आपल्या किल्ल्यावर एक सेंटीमीटरचा खडा म्हणजे ३३ सेंटीमीटरचा घडीव दगड, आणि वाळूचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे मुठीत धरायचा धोंडा. धुळीसाठी वाळू चालणारच नाही. माती जुन्या सुती कापडातून गाळून घ्या.

रंग कोणता? आपला सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. या दगडात लोह असतं. हवा-पाण्याने ते गंजतं, म्हणून जुन्या दगडाची कातडी तांबूस-तपकिरी होते. पण ताजा फुटलेला दगड आतून निळसर काळा दिसतो. तेव्हा १५ मार्चच्या देखाव्यात तुटलेल्या कडा निळसर काळ्या ठेवा, आतल्या भिंतीवर कोळशाची पूड बोटाने घासा आणि सगळ्यावर खडूची बारीक पूड उडवा. भिंतीचा चुना फुटून त्याची धूळ पानांवर, तोफेवर, मावळ्यांच्या पागोट्यांवर बसलेली असणार.

आजचा दिवस निवडलात, तर यातलं जवळजवळ काहीच नको! मधल्या दोनशेवर पावसाळ्यांनी काजळी आणि चुन्याची धूळ धुऊन नेली. आणि तो पाऊस किती! पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इथल्या डोंगरांवर हजारो मिलिमीटर. पडलेल्या इमारतींचे सुटे दगड लोक दुसऱ्या बांधकामाला उचलून नेतात, म्हणून मोठा ढिगारा नको. जोतं, दोन पायऱ्या आणि अर्धी भिंत पुरे. काळा रंग आता आगीचा नाही, सजीवांचा आहे. ओल्या दगडावर शेवाळ आणि दगडफूल वाढतं. होय, गोड्या मसाल्यात पडतं तेच दगडफूल! बुरशी आणि शैवाल मिळून ते बनलेलं असतं. त्यातून पाझरणारी आम्लं दगडाला कणाकणाने खातात. भिंत चुन्यात बांधलेली असेल, तर पावसाचं पाणी सांध्यातला चुना विरघळवून बाहेर आणतं आणि पाणी वाळलं की पांढरे ओघळ उरतात. ओघळ नेहमी सांध्यातून सुरू होऊन सरळ खाली येतात, हे लक्षात ठेवून काढा. आणि पावसाचा मारा पश्चिमेकडून, म्हणून तुमच्या किल्ल्याची पश्चिम आधी ठरवा. त्या बाजूला हिरवं-काळं जास्त.

हे रंगवायचं कसं? दोन युक्त्या आहेत. पहिली वॉश. तपकिरी-काळ्या रंगात भरपूर पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घाला. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मग ते थेंबाथेंबाने न थांबता पसरतं. ब्रशचं टोक एका सांध्याला नुसतं टेकवा आणि बघत राहा. रंग आपला आपण रेघेतून पुढे पळत जातो! हे केशाकर्षण. दिव्याच्या वातीत तेल चढतं ते याच्याच जोरावर. दुसरी युक्ती ड्राय ब्रश. ब्रशला फिका करडा रंग लावायचा, जवळजवळ सगळा फडक्याला पुसून टाकायचा आणि तो कोरडा ब्रश भिंतीवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि न रंगवलेले बारीक चरेही एकदम दिसू लागतात. आधी वॉश, तो पूर्ण वाळला की मगच ड्राय ब्रश. घाई केलीत तर चिखल होतो.

अळीव शेवटी पेरा, तेही मोजून. भिजल्यावर त्याच्या बियांभोवती बुळबुळीत थर फुगतो. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून गोणपाटावरही अळीव उगवतं. रोप चार सेंटीमीटर झालं की मावळ्याच्या मापाने ते १३० सेंटीमीटरचं गवत. आठ सेंटीमीटर झालं की अडीच मीटरचं रान, त्यात मावळा दिसेनासा होईल! आजचा गड दाखवत असाल तर ते रान शोभतं. १५ मार्चच्या गडावर हिरवं गवत कुठून येणार? उन्हाळा लागलेला, गवत वाळलेलं. तिथे नारळाचा काथ्या बारीक कापून चिकटवा.

कोरीगडावर जाणार असाल तर फोटो काढताना एक करा. प्रत्येक भिंतीजवळ कुणाला तरी उभं करा आणि घरी येऊन त्याची उंची मोजून ठेवा. त्या एका आकड्यावरून फोटोतला दगड न् दगड पट्टीने मोजता येतो. एक फोटो भिंतीच्या पश्चिमेकडून आणि एक पूर्वेकडून काढा. गडावरचा दगड किंवा दगडफूल मात्र उचलून आणायचं नाही. रंग जुळवायला फोटो पुरतो.