उलट्या दिशेने जाणारा हुकूम

पोषग्रंथी ही सर्व ग्रंथींची स्वामिनी, असे आपण शाळेपासून ऐकत आलेले असतो. त्यामुळे ताणाच्या प्रसंगी तिने हुकूम सोडावा आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींनी तो निमूटपणे बजावावा, याहून अधिक काही या कारभारात असेल अशी शंकाही सहसा मनात येत नाही. हा समज निराधार मात्र नव्हे. १९३० साली फिलिप स्मिथ यांनी उंदरांची पोषग्रंथी काढली तेव्हा अधिवृक्काचे बाह्यक आक्रसून गेले. आणि १९३६ साली मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांना थंडी, जखम, अतिश्रम अशा परस्परांशी संबंध नसलेल्या आघातांनंतर त्याच ग्रंथी वाढलेल्या आढळल्या.

परंतु पोषग्रंथीही ताबेदारच आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून एक संप्रेरक तिच्याकडे येते, त्याच्या तगाद्याने ती एसीटीएच हा स्राव रक्तात सोडते, आणि मग उंदराच्या बाह्यकातून कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक पाझरते. (माणसातले कॉर्टिसॉल उंदरात शोधणे व्यर्थ, ते घडवण्यास लागणारे विकर त्याच्या अधिवृक्कात नसते. अ‍ॅड्रिनॅलिनची वाटही निराळी: ते ग्रंथीच्या गाभ्यातून, थेट मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर, क्षणार्धात सुटते.)

खरे मर्म पुढेच आहे. ड्वाइट इंगल आणि एडवर्ड केंडॉल यांनी १९३७ साली उंदरांना बाह्यकाचा अर्क मोठ्या प्रमाणात दिला, आणि पोषग्रंथी जागच्या जागी शाबूत असताना अधिवृक्कांचे बाह्यक खंगले. सेल्ये यांच्या कीर्तीपुढे झाकोळलेला हा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. कारण कॉर्टिकोस्टेरोन हे केवळ शेवटच्या चाकराचे काम नसून तेच वर जाऊन अधश्चेतकाला व पोषग्रंथीला आवर घालते, आणि अधिवृक्के काढून टाकली की हा आवर सुटून एसीटीएचचा पूर लोटतो, हे त्यावाचून उमगणे कठीण होते.

कॉर्टिकोस्टेरोनला विष मानणे हाही अन्यायच. उंदीर निशाचर असल्याने, कसलाही जाच नसताना, रोज सायंकाळी अंधार पडण्याच्या सुमारास त्याच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरोन शिगेला पोहोचते. तेव्हा वेळेची नोंद न ठेवता घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावरून प्राण्याच्या क्लेशाचा निवाडा करू नये. मेंदूत या संप्रेरकाचे ग्राहकही दोन प्रकारचे असतात: एकाची ओढ दुसऱ्याहून सुमारे १० पट अधिक, म्हणून तो शांत अवस्थेतही बहुतांशी व्यापलेला राहतो, दुसरा मात्र सायंकाळच्या भरतीत किंवा ताणात भरतो, आणि उसळलेला स्राव खाली आणण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे असते.

ताण चालू राहिला की स्राव वाढतच जाणार, हा समज तर सर्वांत दृढ. पण उंदराला रोज ठरावीक वेळ अरुंद नळीत कोंडले, तर काही दिवसांत त्याचा कॉर्टिकोस्टेरोनचा प्रतिसाद मंदावतो. त्याच उंदरापुढे एखादा अनोळखी आघात आला, की मात्र हा प्रतिसाद पुन्हा पुऱ्या जोराने उसळतो.